तुझी नक्कल

प्रिय आत्या,

आधी चष्मा शोध. डोक्यावरच असेल. नसला तर मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली बघ. मग दार लोटून घे आणि बसून वाच. एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात पत्र, असं उभ्या उभ्या वाचायचं हे नाही. आणि मोठ्यानं वाचू नकोस. तुला वाचताना पुटपुटायची सवय आहे आणि आजोबांचे कान या वयातही तिखट आहेत. पूर्ण वाचून झाल्याशिवाय त्यांना काही सांगू नकोस.

पत्र आणून देणारी ती उंच मुलगी म्हणजे माझ्या वर्गातली लंबू. आपल्या दारातून आत येताना वाकली नाही तर तिचा कपाळमोक्ष ठरलेला, तेवढं सांभाळ. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायला आणि माइक लावायला ऑफिसनं तिला आधीच पाठवलंय, म्हणून मी हे पाकीट तिच्या बॅगेत कोंबलं. आत काय आहे ते तिला माहीत नाही, आणि माहीत नसलेलंच तिच्या भल्याचं आहे. तिला चहा दे, चार गोष्टी बोल, फक्त एवढ्या उंच मुलीला नवरा कुठून शोधायचा हा विषय तेवढा काढू नकोस. फोन का नाही केलास म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी हॅलो म्हणेपर्यंत तुझं निम्मं बोलून झालेलं असतं. ते एक कारण आहे. दुसरं पुढे सांगते.

मी बरी आहे. जेवते, झोपते, म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. इथलं आमचं ऑफिस तू बघायला हवंस. काचेची उंच इमारत, एकही खिडकी उघडत नाही, आणि गारठा इतका की बाहेर अंग भाजत असताना मी आत तुझी जांभळी शाल पांघरून बसते. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक कुंडी आहे, हिरवीगार. पहिल्या दिवशी मी मोठ्या मायेनं त्या रोपाला पाणी घातलं आणि सगळं पाणी टेबलावरून माझ्या मांडीवर, कारण रोप प्लास्टिकचं! पर्यावरणाच्या ऑफिसात प्लास्टिकचं रोप. तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की ठसका लागला. आता त्या कुंडीकडे बघून मला हसू येत नाही.

तू गिऱ्हाइकांना सांगत असतेस ना, आमची भाची मोठी साहेबीण झाली म्हणून, तसं काही नाही गं. आमच्या अभ्यासक्रमात शेवटची सहामाही वर्गात काढायची नसते, कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं असतं. पर्यावरणाचं धोरण पुस्तकात वाचलंत, आता ते खऱ्या जगात कसं ठरतं ते बघा, असा सगळा प्रकार. आम्हाला ही सल्लागार संस्था मिळाली. एखाद्या कारखान्याला काही नवं उभारायचं असलं की हवेवर, पाण्यावर, आसपासच्या माणसांवर त्याचा काय परिणाम होईल याचा अहवाल ही संस्था लिहिते. मग त्या भागात जनसुनावणी भरते, लोक उठून आपलं म्हणणं मांडतात, सरकारी अधिकारी ते ऐकून घेतो आणि परवानगीचं ठरतं. ऐकायला किती छान वाटतं बघ. मलाही वाटलं होतं.

आणि आल्या आल्या माझ्या टेबलावर काय पडावं, तर आपलीच भिंत. टेकडीवरच्या कारखान्याचं ते गाळाचं तळं, दगड दळून धुतल्यावर उरलेला राखाडी चिखल साठवायचं, आणि त्याला अडवून धरणारी ती मातीची भिंत. तळं भरत आलंय, म्हणून भिंत आणखी उंच करायची, त्याचीच परवा सुनावणी आहे. हे तुला मी काय सांगायचं, गल्लीच्या वतीनं बोलणार तर तूच आहेस. पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी भर ऑफिसात ओरडले, अहो, ही आमची भिंत, माझी आत्या हिच्या खालीच राहते! मोठ्या बाई केबिनमधून बाहेर आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संचालिका. केस पांढरे, आवाज मऊ, पाठीवरून हात फिरवत बोलणाऱ्या. म्हणाल्या, अगं मग तू तर आमचा खजिना आहेस. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर. आई गेल्यापासून कुणी पाठीवरून असा हात फिरवला की मी विरघळते, तुला माहीतच आहे. तुझा हात तर कायम सुईदोऱ्यात अडकलेला.

आता इथली एक पद्धत सांगते, ती नीट समजून घे, कारण सगळी गोम तिच्यात आहे. खऱ्या सुनावणीआधी ऑफिसात सुनावणीची रंगीत तालीम होते. मोठ्या खोलीतली टेबलं सरकवतात. एका बाजूला कंपनीची माणसं आणि आमचा इंजिनीयर, त्याला आम्ही दाढी म्हणतो. समोरच्या खुर्च्यांवर आम्ही विद्यार्थी, वस्तीतली माणसं बनून. आम्ही प्रश्न विचारायचे, भांडायचं, आरडाओरडा करायचा आणि त्यांनी उत्तरं द्यायची. उत्तर जिथे अडखळेल तिथे मोठ्या बाई टाळी वाजवून सगळ्यांना थांबवतात, आणि पुढच्या तालमीपर्यंत ते उत्तर घासूनपुसून तयार होतं. लोकांना हॉलमध्ये उडवाउडवीची उत्तरं मिळू नयेत म्हणून आपण हे करतो, असं आम्हाला सांगितलं होतं. मला पटलं होतं गं. अगदी मनापासून पटलं होतं.

पहिल्या तालमीत बाकीची पोरं नुसती पुस्तकी बोलत होती. एकजण तर वस्तीतला संतापलेला माणूस बनून आकडेवारी सादर करायला लागला. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मग मी उठले आणि तुझी नक्कल केली. लहानपणी आजोबांपुढे करायचे ना, तू बाहेरून येईपर्यंत, अगदी तश्शी. चष्मा कपाळावर चढवला, गळ्यात मापाची टेप असल्यासारखे दोन्ही हात छातीशी धरले, घशातून तुझा तो हं काढला आणि बोट नाचवत सुरू केलं: हे बघा साहेब, मी शिवणारी बाई आहे, कापड एकदा चुकीचं कापलं गेलं की रडून जोडता येत नाही, म्हणून मी आधी दहादा विचारणार आणि तुम्ही मला दहादा सांगणार! खोलीत हशा आणि टाळ्या. कंपनीचा एक माणूस तर खरोखरच घाबरून पाणी प्यायला. त्या दिवसापासून प्रत्येक तालमीत मला तुझीच भूमिका. आपल्याकडची धूळ, वाळत घातलेल्या कपड्यांवरचा राखाडी थर, शाळा सुटायच्या वेळेला सुसाट जाणारे ट्रक, भिंतीच्या डाव्या अंगाची भेग. तू रविवारी फोनवर जे जे सांगायचीस ते ते मी सोमवारी तुझ्या आवाजात तिथे विचारायचे.

आणि आठवडाभरात प्रत्येक गोष्टीचं उत्तर यायचं. भेगेचं आलं: ती वरच्या लेपाची आहे, आतल्या मातीची नाही, सोबत मोठा रंगीत फोटो. ट्रकचं आलं, पाण्याच्या वासाचं आलं. मी खूश. मला वाटायचं, बघा, आमच्या आत्याच्या प्रश्नांनी कंपनीला कामाला लावलं. प्रश्न सुटत नव्हते, फक्त उत्तरं तयार होत होती, आणि या दोन गोष्टींत फरक असतो हे एवढं शिकलेल्या माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही. ट्रक अजून तसेच धावतात ना गं? मला वाटलंच.

मध्यंतरी तू फोनवर काय काय सांगत होतीस ते आठवतंय? मागच्या अंगणातला भोपळ्याचा वेल. सगळ्या गल्लीतली झाडं उन्हानं करपली आणि तुझा वेल पाण्याचा थेंब न घालता कुंपणावर चढून शेजारणीच्या छपरावर गेला, यावरून तू किती भाव खाल्लास. शेजारीण म्हणे तुला चोरून पाणी घालताना पकडायला टपून बसली होती. आणि मागच्या खोलीची फरशी सारखी ओलसर होते, आजोबांच्या खाटेखाली पुसून पुसून तू हात टेकलेस, म्हणून मांजरावर संशय घेऊन त्याला दोन दिवस घरात घेतलं नाहीस. बिचारं मांजर. मी हसले होते तेव्हा.

मग एक दिवस दाढी आम्हाला भिंत दाखवायला घेऊन आला. तुला कळवलं नाही, कारण कामावर असताना घरी जायचं नाही असा नियम. वरून आपलं छप्पर दिसत होतं. दोरीवर आजोबांचा पांढरा बनियन आणि तुझ्या गिऱ्हाइकांचे कपडे वाळत होते. मला पहिल्यांदा खटकली ती जीप. भिंतीखाली चांगली झाडाची सावली होती, पण दाढीनं तिथे जीप लावू दिली नाही. वर, कडेच्या उंच खडकावर लावली, तीही वळवून, तोंड रस्त्याकडे करून, आणि ड्रायव्हरला सांगितलं, तू खाली उतरू नकोस. जेवणाचे डबेसुद्धा आम्ही त्या तापलेल्या खडकावर बसून खाल्ले. लंबूनं विचारलं, सर, सावलीत का नाही बसायचं, तर म्हणाला, सवय आहे. कारखान्याच्या कामगारांच्या खालच्या ओळीतल्या खोल्याही रिकाम्या दिसल्या. दुरुस्तीसाठी रिकाम्या केल्या असं गेल्या वर्षी तुम्हाला सांगितलं होतं ना? एका खोलीलाही कुणी हात लावलेला नाही. दारंखिडक्या तेवढ्या काढून नेल्यात.

त्या भिंतीत ठिकठिकाणी पोकळ नळ्या उभ्या पुरलेल्या आहेत. भिंतीच्या पोटात पाणी किती वर आलंय ते त्यांतून कळतं. टेपच्या टोकाला एक वजन असतं, ते नळीत सोडायचं, पाण्याला टेकलं की रिळातून शिट्टी वाजते. आम्ही शिकायला आलेले, म्हणून दाढीनं रीळ माझ्या हातात दिलं. वरच्या नळ्यांत मी टेप सोडत राहिले, सोडत राहिले, आणि खूप खाली गेल्यावर शिट्टी वाजली. तसंच व्हायला हवं. मग अगदी पायथ्याची, आपल्या मागच्या अंगणाच्या सरळ वरची, पिवळ्या टोपणाची नळी. टेप आत घातली न घातली तोच शिट्टी. मला वाटलं माझं काही चुकलं. पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेच. दाढीनं रीळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, ही नळी बिघडलेली आहे, हिचं धरायचं नसतं. अगं, नळी आहे ती! जमिनीत उभा केलेला पोकळ पाइप. तिच्यात ना चाक, ना तार, ना काटा. तिच्यात बिघडणार काय? मी तसं म्हटलं, तर तो माझ्याकडे बघेना. खाली आपल्या गल्लीकडे बघत उभा राहिला, आणि मग झपाझप जीपकडे चालत गेला. तो वाईट माणूस नाही गं. घाबरलेला आहे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तुला सोप्या शब्दांत सांगते. मातीची भिंत आतून कोरडी असते तोवरच ती भिंत. आत पाणी मुरत मुरत वर चढलं की ती एक दिवस सरकते, आणि मागचा सगळा चिखल घेऊन खाली येते. पाऊस लागत नाही, भूकंप लागत नाही. आम्ही वर्गात असे प्रसंग अभ्यासलेत. जगात कुठेही घडलेलं असो, आधी लोकांना काय दिसलं होतं ते सगळीकडे सारखंच लिहिलेलं असतं. भर उन्हाळ्यात भिंतीखालची झाडं हिरवीगार झाली होती. कोरड्या घरांत फरशीला ओल येत होती. मी त्या टेकडीवरून खाली बघितलं, आत्या, आणि सगळ्या करपलेल्या गल्लीत मला तुझा तेवढा एक वेल दिसला.

परत आल्यावर मी अहवाल उघडला. पिवळ्या टोपणाच्या नळीपुढे लिहिलंय, बंद. तिच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांपुढेही, बंद. बाकीच्या नळ्यांची सरासरी काढली आणि भिंत ठणठणीत. नंतर लंबू तिथे फोटो काढायला गेली होती, त्या फोटोत पिवळ्या टोपणाला कुलूप आहे. नवं, चकचकीत. मी सरळ मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, किती बारकाईनं बघितलंस, शाब्बास, आता असं कर, पुढच्या तालमीत हा प्रश्न तुझ्या आत्याच्या आवाजात विचार, म्हणजे आपल्याला त्याचं उत्तर तयार करता येईल.

कळलं तुला? त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि देवाशपथ, पडला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. मी इतके दिवस तिथे वस्तीची बाजू मांडत नव्हते. मी त्यांना तुझी मापं देत होते. तुझा एकेक प्रश्न आधीच नेऊन त्यांच्या हातात ठेवत होते, तोही तुझ्या आवाजात, तुझ्या बोटासकट, आणि वर टाळ्या घेत होते. परवा तू उठशील, चष्मा कपाळावर चढवशील, आणि तुझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत समोरून हसून उत्तर येईल, फोटोसकट. लोकांना वाटेल, अरे, यांनी तर सगळा विचार केलाय, बाई उगाच भांडतेय.

म्हणून शेवटच्या तालमीत मी नळीचा न काढला नाही. बाईंनी दोनदा माझ्याकडे बघितलं, मी आपली धुळीवरच घोळत राहिले. त्यांना वाटलं मी विसरले. टकळी गप्प बसू शकते हे त्यांना कुठे माहीत! पण त्या दिवशी जे घडलं ते दोनदा वाच. मी मागे कधीतरी जेवताना, गप्पांच्या ओघात, आमच्या आत्याचे यजमान म्हणून काकांचं बोलले होते. ती भिंत पहिल्यांदा घातली तेव्हा काका तिथे डंपर चालवायचे, माती त्यांनीच वाहिली, माझी भिंत माझी भिंत म्हणून कौतुक सांगायचे, भिंतीवर उभा असलेला त्यांचा फोटो अजून आपल्या घरात आहे, असं सगळं. मी मायेनं बोलले गं. आणि त्या दिवशी माझं भांडण ऐन रंगात आलं असताना दाढी उठला, आवाज खाली आणला, आणि म्हणाला, ताई, ही भिंत तुमच्या यजमानांच्या घामाची आहे, त्यांच्या कामावर तुमचा विश्वास नाही का? कुणी काकांचं नाव काढलं की तू जशी ओठ मिटून मान फिरवतेस, तशी मी मान फिरवली आणि खाली बसले. ती नक्कल नव्हती. मग मोठ्या बाईंनी टाळी वाजवली, अगदी हळू, आणि म्हणाल्या, हेच. इथेच थांबायचं, आणि लगेच पुढच्या माणसाला बोलवायचं.

आता दुसरं कारण. इथे येताना आमच्याकडून गोपनीयतेची सही घेतलीय. आतलं बाहेर सांगितलं तर पदवी गेली, आणि फोन ऑफिसनं दिलेला आहे. पदवी गेली तर जाऊ दे. तुझ्या रात्रंदिवस चाललेल्या मशीनवर झालेलं माझं शिक्षण आहे, त्याचा उपयोग तुझं तोंड बंद करण्यासाठी झाला तर ती पदवी मी कुठल्या भिंतीवर टांगू? आपल्या भागाचं काम बघणाऱ्या इथल्या सरकारी ऑफिसातही मी जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, सुनावणी आहे ना, तिथे मांडा. बरोबरच आहे त्याचं. नियम असा की सुनावणीत एखाद्यानं जागेवर जाऊन पाहणीची मागणी केली तर अधिकाऱ्याला ती लिहून घ्यावीच लागते, आणि पाहणी झाल्याशिवाय परवानगी देता येत नाही. पण मागणी तिथे राहणाऱ्या माणसानंच करायची. मी आता तुमच्यात धरली जात नाही, मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीत आहे.

म्हणून हे पत्र, आत्या. परवा तू ठरवलेल्यातला एकही प्रश्न विचारू नकोस. धूळ नाही, ट्रक नाही, भेग नाही. उठायचं आणि एवढंच म्हणायचं: पायथ्याच्या पिवळ्या टोपणाच्या नळीचं कुलूप काढा आणि आम्हा सगळ्यांसमोर तिच्यात टेप सोडा, शिट्टी कधी वाजते ते आम्हाला ऐकायचंय. ते म्हणतील नळी बिघडलीय. तू म्हण, पोकळ पाइप बिघडतो कसा ते दाखवा. मग ते काकांचं नाव काढतील. मऊ आवाजात काढतील. तेव्हा मान फिरवू नकोस, तुला माझी शपथ आहे. सांग त्यांना, माझ्या नवऱ्याची भिंत त्या फोटोत आहे तेवढ्याच उंचीची होती, तिच्यावर नंतरचे थर चढवले ते तुम्ही. खाली बसू नकोस. तू बसलीस तर मी उठेन, त्यांच्या खुर्चीतून उठेन, कुणी लिहून घेवो न घेवो. पण ते परवाचं झालं, आणि ही भिंत परवापर्यंत थांबेल असं मला कुणीही छातीवर हात ठेवून सांगितलेलं नाही. हे वाचून झालं की लंबूला हाक मार आणि दोघी मिळून आजोबांना खाटेसकट भिंतीच्या वाटेबाहेर, उंचावरच्या गल्लीत शिंपीणमावशीकडे हलवा. गल्लीत दारोदार जा, ओरड, तुझ्या त्या आवाजाचा एकदा तरी खरा उपयोग होऊ दे. मशीन राहिलं तर राहू दे, गिऱ्हाइकांचे कपडे राहिले तर राहू देत, काकांचा फोटो तेवढा घे. आणि वेलावर तो मोठा भोपळा धरलाय ना, जो तू माझ्यासाठी राखून ठेवलायस, तो काढायला मागच्या अंगणात जाऊ नकोस.

तुझीच,
टकळी